पिक्चरमध्ये मेलेले वॉचमन

"पिक्चरमधी मेलो, बाकी ठीक हाय."

'कसे आहात?' म्हणून विचारलं की आमच्या वाशीच्या सोसायटीचे वॉचमन हेच उत्तर द्यायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

तुमच्याही गेटवर असा एखादा धिप्पाड, मऊ आवाजाचा माणूस बसत असेल. आमचे काका मूळचे खाडीकाठच्या गावातले. तरुणपणी ते होडीतून चोरटी दारू पोचवायचे. मिठागराच्या राखणदाराने एकदा वाट अडवली, तर त्यांनी त्याचा पाय मोडला. त्यापायी तुरुंगात जाऊन आले, तरी धंदा काही सुटला नाही.

सत्तरच्या दशकात त्या मिठागरावर गुंडांच्या एका स्वस्तातल्या पिक्चरचं शूटिंग आलं. नट परवडत नव्हते, म्हणून गावातलेच चेहरे घेतले. काकांना काम मिळालं ते असं: आधी मारामारी, मग पश्चात्ताप, मग गोळी.

"मारामारी झटक्यात झाली," काका सांगायचे. "पन पिक्चरमधल्या म्हातारीचे पाय धरून माफी मागायची, तवा हात पुढं जाईना. डायरेक्टर बोलला, कधी कोनाची माफी मागितली नाय का? मी बोललो, नाय."

शूटिंग संपलं तसे काका तोंडावरचं खोटं रक्त न पुसताच राखणदाराच्या घरी गेले. त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. पुढे धंदा सोडून त्या लंगड्या माणसाबरोबर मिठागरावर पहारा करू लागले. तो पुढे, हे मागे, बोलणं नाही. एका उन्हाळ्यात राखणदाराने पाण्याचा तांब्या मागे वळून यांच्यापुढे धरला. मैत्री झाली ती तिथून.

मिठागरं गेली, काका आमच्याकडे लागले. एका गणपतीत आमच्या मंडळाने मैदानात पडदा लावून नेमका तोच पिक्चर आणला. काका गेट सोडेनात. शेवटी राखणदारच बायकोला घेऊन आला आणि हाताला धरून त्यांना पडद्यासमोर बसवलं.

पडद्यावर काका कुणाला तरी तुडवत होते. पोरं शिट्ट्या मारत होती. राखणदार माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, ह्ये कायच नाय. मला याच्यापेक्षा जोरात मारलेला."

आम्ही हसलो. काकांनी मान खाली घातली.

मग ती माफी आली, गोळीही आली. पडद्यावरचा गुंड मेला. राखणदाराची बायको काकांना म्हणाली, "पोरीचं लगीन ठरलंय. मला भाऊ नाय. तिचा मामा म्हनून तू उभा ऱ्हा."

काकांनी राखणदाराकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतंस? मीच बोललो तिला, इचार म्हनून."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते दिसतात त्या मांडवात, पांढराशुभ्र शर्ट घालून नवरीच्या पाठीशी उभे. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, तरी त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच होत्या.