एकतीस वेळा ताप

लोरेटा ह्रुस्का शाळेच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षं राबत होती. तोंडाने फटकळ, पण खोटं बोलणारी बाई नाही, असं पोलादाच्या कारखान्यावर वाढलेल्या त्या गावात कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. म्हणूनच तर तिचं खोटं तीन वर्षं खपलं.

तिची मुलगी टेसा अकरा वर्षांची. आठव्या वर्षापासून पोरीला अर्धशिशीने धरलं होतं. एकदा डोकं उठलं की उजेड सोसायचा नाही, उलट्या व्हायच्या, साधा शब्दसुद्धा जिभेवर यायचा नाही. पहिल्या खेपेला लोरेटाने शाळेच्या ऑफिसात फोन करून खरं काय ते सांगितलं होतं. तिथल्या गॉर्मनबाई म्हणाल्या, "डोकं माझंही ठणकतंय, लोरेटा. आले ना मी कामावर?"

त्या दिवशी लोरेटाने पोरीला तसंच शाळेत धाडलं. गावात डोकेदुखीला कुणी आजार म्हणतच नव्हतं. लोरेटाचा बाप कपाळाला फडकं आवळून भट्टीवर जायचा. तापाची गोष्ट मात्र वेगळी. ताप असेल तर चोवीस तास मूल शाळेत आणायचंच नाही, असा शाळेचाच नियम, आणि वर कुणी चौकशीही करत नाही. तेव्हापासून लोरेटा फोनवर ताप सांगू लागली. टेसालाही तिने पढवून ठेवलं, की वर्गात दुखायला लागलं तर शाळेच्या नर्सला पोट दुखतंय म्हणायचं, लगेच घरी सोडतात. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सहावीत दुखणं वाढलं. आईबापांच्या शब्दावर वर्षाला दहा दिवस रजा चालते, पुढे डॉक्टरची चिठ्ठी लागते. ते दहा दिवस थंडी सरायच्या आत संपले आणि घरी पत्र आलं: यापुढे एक दिवस जरी चिठ्ठीवाचून बुडाला तरी आईला कोर्टात उभं राहावं लागेल. मोठ्या शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांची सात महिन्यांमागे मागितलेली वेळ तेवढ्यात आली, आणि माणूस भला निघाला. त्यांनी लिहून दिलं, की शाळेने मुलीला लेखी सवलती द्याव्यात. वर्गात काळा चष्मा, अंधाऱ्या खोलीत अर्धा तास, दुखणं सुरू होताच गोळी, परीक्षेला जास्त वेळ, आणि दुखण्याच्या दिवसांची गैरहजेरी माफ. ते पत्र घेऊन लोरेटा शाळेतल्या बैठकीला गेली तेव्हा तिला अगदी जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

सवलतींचं काम पाहणाऱ्या पिल्झबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि मग हजेरीचा कागद पुढे सरकवला. तीन वर्षांत एकतीस गैरहजेऱ्या आणि एकतीस वेळा ताप. नर्सच्या वहीत नऊ वेळा पोटदुखी. डोक्याचा उल्लेख कुठेच नाही.

 लोरेटा म्हणाली, "मी खोटं सांगत होते. डोक्याचं कुणी ऐकून घेत नव्हतं, म्हणून."

बैठकीला मुख्याध्यापकही होते. ते शांतपणे म्हणाले, "तेव्हा खोटं बोलत होतात की आत्ता बोलताय, हे आम्ही कसं ठरवायचं, मिसेस ह्रुस्का?"

ठरलं ते असं, की साठ दिवस शाळा स्वतः नोंदी ठेवणार आणि त्यात डोक्याचं दुखणं दिसलं तरच सवलती मिळणार. तोवर काही नाही, चष्मासुद्धा नाही. गाडीत बसल्यावर लोरेटाने स्वतःला जन्मात दिल्या नव्हत्या एवढ्या शिव्या दिल्या.

पुढच्याच मंगळवारी पहाटे टेसा न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली सापडली. घरी ठेवावं तर कोर्ट. लोरेटाने तिचं तोंड धुतलं, कोट चढवला आणि तिला तसंच शाळेत नेलं. वाटेत दहादा बजावलं, "नर्सकडे गेलीस की खरं सांगायचं. डोकं म्हणायचं, बाळा. फक्त डोकं." टेसाने डोळे मिटूनच मान हलवली.

अकराच्या सुमाराला लोरेटा बटाट्याचा ट्रे भट्टीतून काढत होती, तेवढ्यात नर्स दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, टेसा माझ्याकडे झोपलीय, दोनदा उलटी झाली, घेऊन जा. ताप नाही.

"वहीत काय लिहिलंत?" लोरेटाने विचारलं.

"पोटदुखी. मी तीनदा विचारलं तिला. तिन्ही वेळा तेच म्हणाली."

हातमोजे न काढताच लोरेटा धावली. पोर भिंतीकडे तोंड करून, कोट डोक्यावरून ओढून पडली होती. लोरेटा तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिने हळूच विचारलं, अगं, सकाळी काय सांगितलं होतं मी?

टेसाला शब्द जुळवायला वेळ लागला.

"पोट म्हटलं की घरी सोडतात ना, आई?" ती म्हणाली.

नर्सने वही पुढे केली. मुलीला नेताना आईची सही लागते. लोरेटाने त्या दहाव्या पोटदुखीखाली सही केली आणि पोरीला उचलून घेतलं.