शिवेपार

कराचीत मी उंटांचा आणि टांग्याच्या घोड्यांचा डॉक्टर होतो. आजोबा नोकरीसाठी तिकडे गेले, वडील तिथेच जन्मले आणि मीही. फाळणी झाली आणि आम्ही नवराबायको बोटीने मुंबईत उतरलो, तिथून कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत. कॅम्प नंबर तीनच्या बराकीत आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडामध्ये भिंत म्हणून गोणपाट होतं. शेजारी सिंधी आणि मायाळू, पण त्यांच्याकडे गुरं कुठली असायला? गुरं होती अंबरनाथ-बदलापूरकडच्या खेड्यांत, आणि तिथले लोक कॅम्पातल्या माणसाला गोठ्याच्या दारात उभं करत नव्हते.

"आपण मराठीच आहोत म्हणून सांगा ना त्यांना," बायको म्हणायची. सांगत होतो. माझं कराचीचं मराठी ऐकून ते हसायचे.

मग चिखलोलीत बुळकांडी शिरली. गुरांचा एवढा मोठा काळ दुसरा नाही. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि बघता बघता गोठा मोकळा. सरकारी दवाखान्यात खेटे घालून मी लस मिळवली, बर्फात ठेवून सायकलवरून नेली आणि गावच्या म्हाताऱ्या पाटलाची मनधरणी केली.

"टोचा," तो शेवटी म्हणाला. "गुरा वाचली तं देवलामागची खोली तुमाला. थयच दवाखाना काढा, थयच र्‍हावा."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको रडली. खरीखुरी भिंत, दारात तुळस आणि मराठी बोलणारा शेजार, एवढंच तिला हवं होतं. मला हवं होतं आपला डॉक्टर म्हणणारं एखादं गाव.

लस अंगात मुरायला दिवस जावे लागतात. ज्या गुरांत रोग आधीच शिरला होता ती टोचल्यावरही मेली. मी घरोघर फिरून हे समजावलं. लोक माना डोलवायचे. मला वाटलं, पटलं बुवा यांना.

पुढे पाटलाचा निरोप आला की मंगळवारी दुपारी या, गाव जमणार आहे. मी कोट ब्रशने झाडून घातला. देवळापुढे सगळं गाव होतं, ढोल-सनई होती. एका सुवासिनीने मला कुंकू लावलं, कोणी गळ्यात हार घातला, आणि मला सजवलेल्या छोट्या गाड्यात बसवलं. शेजारी सुपात हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, लिंबू नि नारळ. बायकोची ओटीच पाठवताहेत, मी मनाशी म्हटलं. गाडा बैलांनी नाही, माणसांनी ओढला! माझा ऊर भरून आला. इतका मान कराचीत मला कोणी दिला नव्हता. हात जोडून मी डावीउजवीकडे हसत होतो. आठवलं की आजही अंगाची लाही होते.

गावाच्या शिवेवर गाडा थांबला. ढोल थांबले. आणि सगळे पाठ फिरवून चालायला लागले. मी हाक मारली, "पाटील!" एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

शिवेच्या पलीकडे पुढच्या गावची माणसं काठ्या घेऊन उभी होती.

"हितं उतरायचा नाय!" त्यातला एक ओरडला. "ज्यानं मरी आनली त्याच्यासंगच धाडलीये तुमच्या गावानं. आमच्या शिवेत नको."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मरी म्हणजे रोगाची देवी, तिला गाड्यात बसवून शिवेपार सोडतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मराठी असून मला ठाऊक नव्हतं. एका देशातून हाकललो गेलो ते निदान वाजतगाजत नव्हतं. इकडे जाता येईना, तिकडे जाता येईना. शेवटी दोन गावांमधल्या बांधावरून मी रेल्वेच्या रुळांपर्यंत आलो आणि कॅम्पात परतलो. बायकोला म्हटलं, खोलीचं अजून ठरायचंय.

काही दिवसांनी पाटील स्वतः बराकीच्या दारात उभा राहिला, हातात तुपाचा गडवा. मी त्याला हाकलून देणार होतो. त्याने वाकून माझे पाय धरले.

"डाक्तर, लय उपकार झाले. तुमाला शिवेपार नेला ना, तवापासून येक जनावर मेला नाय."

लस लागू पडली होती. गाव वाचलं होतं, माझ्याच हाताने. आणि जितकी गुरं वाचली तितकी त्यांची खात्री पटत गेली की रोग म्हणजे मीच होतो. हे त्याला कसं सांगायचं? मी सांगितलं. तासभर सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली.

आतून बायकोने विचारलं, "आणि पाटील, देवळामागची खोली?"

"खोली कशी देनार, बाय?" तो अगदी मायेने म्हणाला. "मरी परत आली तं?"