घोणशीची शिट्टी

साप मुकाट चावतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी घोणस ऐकलेली नाही. मण्यार झोपेत चावून जाते, पुष्कळदा कळतही नाही. नाग फणा काढतो, पण वाट मिळाली की सटकतो. घोणस मात्र वेटोळं घालून जागच्या जागी कुकरसारखी फुसफुसत राहते. जवळ येऊ नका म्हणून बिचारी बजावत असते. हे सगळं मला आता माहीत आहे. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

चाकणच्या आमच्या कंपनीत मशिनी दाबाच्या हवेवर चालतात. पाइप कुठं ना कुठं फुटतो आणि सूं आवाज सुरू होतो. तो शोधायची आमची पद्धत एकच: कानानं जागा धरायची, मग तळहात फिरवायचा. हवा लागली की लीक सापडला. मेंटेनन्समधला माझा जोडीदार यात उस्ताद. परभणीकडचा माणूस, तळेगावात भाड्यानं राहायचा. मशिनींच्या गोंगाटातही त्याला लीक ऐकू यायचा आणि त्याचा त्याला भलता तोरा होता.

त्या दिवशी पहिल्या शिफ्टला कॅन्टीनमागच्या पाइपाकडून आवाज आला. तिथं लाकडी पॅलेट रचलेले होते.

"लई मोठा लीक हाय राव," तो म्हणाला.

"जेवून बघू की."

"हवा वाया चाललीय भावा. तू हो पुढं."

आणि त्यानं पॅलेटमागं हात घातला.

त्याच्या किंकाळीनं सगळे धावले. पॅलेट ओढल्यावर ती दिसली. जाडजूड, मातकट, तिकोनी डोक्याची, पाठीवर काळपट ठिपक्यांच्या तीन साखळ्या. "अजगराचं पिल्लू आहे, काही होत नाही," असं एक शहाणा म्हणालासुद्धा. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

चौकात गाडी अडकली, तरी दवाखाना गाठला. सापाची लस दिली. हात खांद्यापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त आलं, मग लघवी बंद झाली. किडन्या गेल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. शुद्धीत असताना त्यानं मला एकच विचारलं.

"तिथं लीक नव्हताच का रे?"

"नव्हता."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "मंग कान चुकला माझा."

मला त्याचा संताप आला. मरायला टेकलेला माणूस कानाचं घेऊन बसला होता. पुढच्याच आठवड्यात तो गेला.

घोणस पकडायला आलेल्या माणसानं तेव्हाच बजावलं होतं म्हणे, की खरकटं इथं टाकता म्हणून उंदीर येतात आणि उंदरांमागं ही येते. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरकटं अजून तिथंच पडतं.

परवा पुन्हा तिथून सूं ऐकू आलं. सगळे मागं सरले. मी उभा राहून ऐकत राहिलो. हवा की घोणस, काही केल्या मला ओळखता येईना. ओळखू शकेल असा एकच कान होता आमच्यात, आणि तोही चुकला होता.