मालकानं बाहेर बसायचं

जालना जिल्ह्यात घरं विकून देणारे पुष्कळ आहेत. पण घर विकायला निघालेल्या मालकाला त्याच्याच घरातून बाहेर काढणारा माणूस एकच आहे, आणि ते गृहस्थ माझे मामेसासरे लागतात. मंठ्यात त्यांना कुणी एजंट म्हणतं, कुणी दलाल. त्यांना दोन्ही चालतं. गिऱ्हाइकाच्या मोटारीत मात्र ते कधी बसत नाहीत. मोटारीत बसलं की माणूस गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलायला लागतो, असं त्यांचं पक्कं मत. त्यामुळे गिऱ्हाईक मोटारीतून पुढे आणि मामा काखेत छत्री मारून मागून पायी, अशी मिरवणूक गावानं नेहमी पाहिलेली आहे. ही छत्री पावसासाठी नसते, तिनं ते खोल्या मोजतात. खिशात टेप असतो, पण तो कागदावर लिहायच्या मापासाठी. "बैठक साडेचार छत्र्या, मोरी एक छत्री आन् वर मूठ," असं ते सांगतात, आणि गंमत म्हणजे ऐकणाऱ्याला ते बराबर कळतं.

आई गेल्यावर आमचं मंठ्याचं घर बंद पडलं. वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. मी संभाजीनगरला नोकरीत अडकलेलो. घर विकायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "मामांना सांगा." मी म्हणालो, "स्वतःचं घर विकायला दुसरा माणूस कशाला?" आणि हौसेनं पाटी रंगवून दारावर टांगली. पहिल्या आठवड्यात सतरा फोन आले. त्यांतले बहुतेक घर भाड्यानं आहे का, असं विचारणारे होते. एकानं तर गच्ची लग्नाच्या पंगतीला मिळेल का म्हणून विचारलं. पहिलं खरं गिऱ्हाईक आलं, ते म्हणालं, "स्वयंपाकघर जरा लहान आहे." मी त्याला याच स्वयंपाकघरात आईनं एकदा चाळीस माणसांचा स्वयंपाक कसा केला होता, हे पाऊण तास सांगितलं. ते पुन्हा आलं नाही. दुसऱ्याशी मी खिडकीच्या रंगावरून भांडलो. तिसऱ्याला मीच म्हणालो, "तुम्हाला नाही द्यायचं."

मग निमूटपणे मामांकडे गेलो.

मामांनी पहिलं काम केलं ते म्हणजे माझ्याकडून किल्ली काढून घेतली. "जावईबापू, आता तुम्ही समोरच्या हॉटेलात बसायचं. मालक घरात असला की घर विकलं जात न्हाई. भिंती पाह्यल्या की तुमचे डोळे भरून येतात, आन् गिऱ्हाइकाला वाटतं भिंतीतच काही खोट हाय." त्यानंतर चार दिवस ते एकटेच त्या घरात जाऊन बसले. सकाळी ऊन कुठून येतं, नळाला पाणी किती वेळ टिकतं, दुपारी पंखा बंद ठेवून झोप लागते का, हे सगळं त्यांनी स्वतः झोपून पाहिलं. शेजारची पिठाची गिरणी सकाळी किती वाजता सुरू होते, तेही लिहून घेतलं.

आणि मग येईल त्या गिऱ्हाइकाला ते आधी गिरणीच सांगायला लागले! मी हॉटेलातून धावत आलो. "मामा, काहून सांगता हे?"

"आज न्हाई सांगितलं तर उद्या ते गिरणीच सांगत येतील, तुमच्या दारात," मामा म्हणाले. "मला घर खपवायचं न्हाई. ज्याला गिरणीचा त्रास न्हाई असा माणूस धुंडायचाय."

तो माणूस त्यांनी तीन आठवड्यांत शोधला. नवरा वीज खात्यात लाइनमन, बायको दवाखान्यात परिचारिका. गिरणी सुरू व्हायच्या आत दोघंही घराबाहेर पडलेली असत. बाईंनी गच्ची पाहिली आणि तिथंच पक्कं झालं. मी सुटलो असं समजत होतो, तर मामांनी कागद पुढ्यात टाकले. "ह्या घराला दोन वारस हायेत. दुसरा कुठंय?"

दुसरी वारस म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. ती कुंभार पिंपळगावला असते. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात ती म्हणत होती, आईला माझ्याकडे आण; मी हट्टानं शहरातल्या दवाखान्यात ठेवली, आणि आई तिथंच गेली. आक्काला भेटायलाही मिळालं नाही. मी मामांना म्हणालो, "तिचं हक्कसोडपत्र पोस्टानं मागवू."

"बिलकुल न्हाई. ती शेजारी बसून सही करील, आन् तिचा हिस्सा तिच्या हातात पडंल. तसं नसंल तर दुसरा एजंट पाहा."

आणि हा सत्तरीचा माणूस एसटीनं कुंभार पिंपळगावला जायला लागला. दर खेपेनंतर मला फोन येई. पहिल्या खेपेचा, "आज दार उघडलं न्हाई. झाडाखाली बसून आलो." दुसऱ्या खेपेचा, "आज पाणी मिळालं." तिसऱ्या खेपेचा, "चहा. साखर कमी व्हती, पण चहा." चौथ्या खेपेला भाकरी मिळाली. मी विचारलं, "मग घराचं काय म्हणाली?"

"घराचा विषयच काढला न्हाई म्या. पण आज तिनंच इचारलं, तो काहून येत न्हाई?"

"तुम्हीच समजावा ना तिला."

मग मामा म्हणाले, "घर मी दाखवतो, जावईबापू. माफी मागायला एजंट चालत न्हाई."

पुढच्या रविवारी मी गेलो. मामा सोबत आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "आईनं माझी आठवण काढली व्हती का?"

चार वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मी सांगितलं. आईनं दोनदा विचारलं होतं, आक्काला यायला कळवलं का? मी 'कळवलं' म्हणालो होतो. कळवलं नव्हतं. वाटलं होतं, अजून वेळ आहे. बरी झाली की मीच तिला तुझ्याकडे घेऊन येईन.

आक्का खूप वेळ रडली. शेवटी पदरानं तोंड पुसून ती उठली. "हात धू. आधी जेव. सही कुठं करायची ते मंग सांग." जेवायला बोलवायला बाहेर गेलो, तर मामा ओट्यावर बसल्या बसल्या झोपले होते.

रजिस्ट्रीच्या दिवशी सह्या झाल्या. नवे मालक घरी पोचले, तर मामांनी त्यांना दारातच थांबवलं आणि किल्ली आमच्या हातात दिली. "अर्धा तास. घर तुमचंच हाय, बाई, पण अर्धा तास ह्या दोघांना द्या." लाइनमननं मान डोलावली. आम्ही आत गेलो. रिकाम्या खोल्यांतून फिरलो. आक्कानं स्वयंपाकघर झाडून काढलं, झाडू कुठून मिळवला देव जाणे. मी गच्चीवर गेलो. बाहेर मामा पायरीवर पाय पसरून बसले होते. कुणाची आत यायची छाती नव्हती.

गेल्या दिवाळीला भाऊबीजेसाठी आक्काला घेऊन मी संभाजीनगरला येत होतो. वाट वाकडी करून मंठ्यात थांबलो. मामा आता फारसे उठत नाहीत. गुडघे गेले, आणि माणसांची नावंही अधूनमधून निसटतात. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं, चहा झाला, आणि निघताना त्यांनी आक्काला विचारलं, "आता मंठ्याला आलात की उतरता कुठं?"

ज्या गावात जन्मलो, तिथं आता आपली पायरी नाही, हे तोवर आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हितं उतरत जा," मामा म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.

बस लागली होती तरी आक्का उठेना. ती त्यांच्या पायाशी बसून राहिली, आणि मीही मग बस जाऊ दिली.