काटेवालीचा माळ

माझ्या बायकोचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले असायचे. लग्नाकार्याला जाताना पदर ओढून घ्यायची, पण ओरखडे झाकायचे नाहीत. बोरीच्या काटेरी फांद्या दोरीनं बांधून ती ओढत माळावर न्यायची, म्हणून गाव तिला काटेवाली म्हणायचं. पुढं पुढं मीही तीच हाक मारायला लागलो. ती ओ द्यायची.

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमाराला चाकूरकडच्या आमच्या गावात दुष्काळ होता. रोजगार हमीचं काम निघालं. माळावरचा पळस, खैर, हिवर सगळा तोडायचा आणि निलगिरी लावायची. आम्ही दोघं मजुरीला होतो. झाडोरा म्हणजे कचरा, असंच सगळं गाव धरून चाललं होतं. माळाची हजामत झाली, पण लावलेली निलगिरी दुष्काळात जगली नाही. पुढच्या पावसात लाल पाणी घडीभरही थांबलं नाही, सरळ ओढ्याला गेलं. पायथ्याचा आड कधी आटत नव्हता, तो संक्रांतीलाच आटला.

बायका कोसभर पाण्याला जायला लागल्या. एकदा येताना ही माळावरच बसली. तोडलेल्या पळसाच्या खुंटाला बोटभर फुटवा आला होता.

"वरचं गेलंय, मुळं जिती हायत," मला म्हणाली. "शेळ्यांनी खाल्लं न्हाई तर आड भरंल."

"रोपं आणू का कुठून?"

"कशाला? ते खालूनच येऊन राहिलंय. येऊ द्या फकस्त."

दुसऱ्या दिवसापासून ती एकेका खुंटाभोवती काटे रचायला लागली. माझा चुलतभाऊ शेळ्या राखायचा. तो खवळायचा.

"वहिनी, माळ काय माहेरून आणलाय का?"

"आणलाय की. शेळ्या भाईर ठेवा भावजी, लेंड्या तेवढ्या आत द्या."

खरंच टोपलंभर लेंड्या न्यायची आणि उघड्या जागी पसरायची. शेळीच्या पोटातून आलेलं हिवराचं बी लवकर रुजतं म्हणायची. रुजायचंही.

माळावरची वाळकी काडीसुद्धा तिनं चुलीत घातली नाही. तुराट्या आणि गोवऱ्यांवर संसार केला. एकदा सुनेनं कवळाभर काटक्या आणल्या. "ही कुजली की पाणी धरती. जा, जागेवर ठिवून ये," म्हणाली. सून चिडली, पण ठेवून आली.

पळस डोक्यावर गेला. आडाचं पाणी आधी शिमग्यापर्यंत, मग पाडव्यापर्यंत टिकायला लागलं. गाव खूष होतं, ती नव्हती. "वैशाखात एक घागर निघाली पायजे. तवा मी म्हणंन, झालं," म्हणायची.

निघाली. पण तेव्हा ती अंथरुणावर होती, शुद्ध हरपलेली. मी घागर भरून आणली, तिच्या कानापाशी धरून हलवली. "आडाची हाय, वैशाख हाय," म्हणालो. तिनं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यानं तिला शेवटची आंघोळ घातली.

गावातली पोरं मायेनंच कुऱ्हाडी घेऊन माळाकडं निघाली. काकूचंच रान, काकूच्या सरणाला त्यातलाच खैर द्यायचा म्हणाली. मी वाटेत आडवा बसलो. म्हणालो, आधी माझ्यावर घाला. मग चाकूरच्या वखारीतून लाकडं आणायला ट्रॅक्टर गेला. तोवर तिला उन्हाळ्यात तसंच ठेवावं लागलं. बायका मला टाकून बोलत होत्या.

लाकडं आली ती निलगिरीची, अर्धी ओली. नीट पेटेनात. धूर नुसता. दिवस कलला तरी सरण धुमसत होतं. ते बघवेना तेव्हा चुलतभाऊ माझ्यापाशी येऊन बसला.

"दादा, जलमभर राबली ती. चार वाळकी लाकडं दिली असती तर काय झालं असतं तुझं?"

"माझी असती तर दिली असती," मी म्हणालो. "तिची होती. तिनं कुणालाच दिली न्हाईत."