भावजींचा चिनी काढा

आमच्या धाकल्या दिरासारखा हट्टी मानूस आख्ख्या मावळात दुसरा जलमला न्हाई, आन जलमला असंल तर त्याची भावजय माज्याआदीच मेली असंल. भावजी लोनावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर कारागीर. गुळाच्या पाकाचा थेंब पान्यात सोडायचे, जिभंवर घ्यायचे आन सांगायचे, "झाला." जगातली सगळी अक्कल त्या एका भट्टीत हाय असं त्यांचं म्हननं. पोराचा ताप असू दे न्हाईतर सुनांचं भांडान, "आच कमी करा," ह्येच उत्तर. माजा नवरा गेला तवा रडनाऱ्या बायांनाबी म्हनले, "आच कमी करा गं." बाया रडता रडता हसल्या. म्या न्हाई हसले. मला भात लावनीला जायचं व्हतं.

त्यांना साखर झाली, लय वर्सं अंगात मुरली, मंग पायांना सूज आली. तळेगावच्या डाक्तरनं समजंल असं सांगितलं, "आबा, साखरेनं किडनीत आतून जळजळ होतेय. तिथल्या पेशी सुजून फुटतात, मग शेजारच्याही पेटतात." झालं! भावजींना पेटलेलं तेवडंच ऐकू आलं. पानी मोजून प्यायला सांगितलेलं, आन ह्यांनी येसटीतच दोन बाटल्या रिकाम्या केल्या. म्हनले, "वैनी, पाक करपाया लागला का आपुन काय करतो? पानी मारतो."

मंग लोनावळ्यात कुनीतरी चिनी औषधाच्या पुड्या इकताना भेटला. ह्याचा काढा आतली आग इझवतो म्हनला. पुडीवर मुंग्यांवानी अक्षरं. म्या म्हनलं, "भावजी, ह्ये वाचायचं कुनी?"

"वाचता येतंय ते औषध घेऊन काय झालं? पाय सुजलेच की."

"डाक्तरच्या गोळ्यांवर तर इंग्रजी व्हतं. तुमाला कुटं येतंय?"

"त्येच म्हनतोय म्या!"

काढा चाखला, तोंड वाकडं केलं आन म्हनले, "झाला." आन रोज उकळून दिला कुनी? म्याच. डाक्तरच्या गोळ्या फळीवर पडून ऱ्हायल्या, मला दिसत व्हत्या. पर मलाबी वाटलं, एवडं कडू हाय, काईतरी करत असंल.

पावसाळा सरायच्या आत भावजींचं तोंड सुजलं, धाप लागली. दवाखान्यात म्हनले, आता मशिनीवर रक्त धुवावं लागंल. "रक्त काय गोधडी हाय धुयाला?" म्हनून भावजी भांडले, पर आवाज फुटत नव्हता. डाक्तरनं पुडी हातात घेतली. म्हनला, "चीनमधे अशा झाडपाल्यावर अभ्यास चाललाय, खरंय. पण ह्या पुडीत काय कोंबलंय ते कुणालाच ठाऊक नाही. गोळ्या बंद करून हे कोण उकळून देत होतं?"

म्या भावजींकडं बघितलं. जल्मभर पोटातली गोष्ट कदी पोटात न ठेवलेला त्यो मानूस. नाकावरची नळी बाजूला करून म्हनला, "म्याच उकळायचो. ही आडानी बाई, हिला चूलबी धड पेटवता येत न्हाई."

म्या नळी परत त्यांच्या नाकावर बसवली.

आठवड्यातनं दोनदा मशिनीसाठी आमच्या टाकव्यातनं तळेगाव करत सात-आठ महिने काढले त्यांनी. दर खेपंला येसटीत मला आडानी म्हनायचे, डाक्तरला पटवलं तसं मलाबी पटावं म्हनून. आता भावजी न्हाईत. परवा डाक्तर बाजारात भेटला. "मावशी, बऱ्या आहात ना?" म्हनला. सगळं वठावर आलं व्हतं. पर सांगितलं तर भावजी खोटे पडत्याल. म्हनलं, "बरी हाय," आन मेथीची जुडी घेऊन घरला आले.