उरलेली अर्धी मिशी

गल्लीच्या टोकाला दोन खुर्च्यांचे एक केशकर्तनालय आहे. त्याच्या मालकाला सर्वजण ‘अर्धमिशे’ म्हणत असत. वास्तविक त्याची स्वतःची मिशी अखंड होती. अर्धी झाली होती ती त्याच्या बायकोच्या थोरल्या भावाची, आणि ती त्यानेच केली होती.

हे थोरले मेहुणे शाळेचे मुख्याध्यापक होते. नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ. सहा वर्षांपूर्वी, शाळेच्या वार्षिक फोटोच्या दिवशी, मिशी कोरून घेण्यासाठी ते सकाळीच या खुर्चीत बसले. न्हावी पिऊन आला होता. डावीकडची मिशी कोरता कोरता त्याने ती मुळासकट उतरवली, आणि उजवीकडे वळण्याऐवजी शेजारच्या खुर्चीत बसून घोरू लागला. तिकडे शाळेत फोटोवाला खोळंबला होता. मुख्याध्यापक गळ्यातल्या टॉवेलसह धावत सुटले आणि नाकातोंडाला रुमाल लावून फोटोत उभे राहिले. सर्दी झाली आहे, असे त्यांनी सर्वांना सांगितले. तो फोटो शाळेच्या कार्यालयात आजही टांगलेला आहे. त्यानंतर ते दुकानाची पायरी चढले नाहीत.

न्हाव्याने मात्र कारणे देण्यात कसूर केली नाही. वस्तरा बोथट होता. खुर्चीचा स्क्रू ढिला होता. दिवे गेले होते. “आणि खरं सांगू का, मिशी मुळातच वाकडी होती,” असेही तो म्हणे, आणि पुन्हा पिई.

शेवटी बायकोने हात टेकले व त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडले. तेथे रोज संध्याकाळी एक वयस्क परिचारिका शुभवर्तमान वाचून दाखवीत असे. एके दिवशी तिने तळ्याकाठच्या आजारी माणसाची गोष्ट वाचली. त्या तळ्याचे पाणी हलले की जो पहिला आत उतरेल तो बरा होतो, असे लोक मानत. हा माणूस अडतीस वर्षे आजारी होता. तुला बरे व्हायचे आहे का, असे येशूने त्याला विचारले. त्यावर तो सांगू लागला की मला पाण्यात उतरवायला कोणी नाही, आणि मी पोहोचेपर्यंत दुसराच पुढे घुसतो.

न्हावी खो खो हसू लागला.

“हसायला काय झालं? पवित्र वचन आहे हे!” परिचारिका म्हणाली.

“माफ करा, सिस्टर! पण प्रश्न केवढा साधा! हो म्हण, नाहीतर नाही म्हण. आणि हा बाबा दुसऱ्यांच्या तक्रारी सांगत बसलाय! अहो, हा तर माझा सख्खा भाऊ शोभतो. दिवे गेले होते, एवढंच म्हणायचं राहिलं!”

साऱ्या खोलीत हशा पिकला. हसता हसता न्हाव्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते थांबेना. येशू त्या माणसावर रागावला नाही, त्याची कारणे त्याने खोडून काढली नाहीत. ऊठ म्हणाला आणि त्याला बरे करून चालायला लावले. ही गोष्ट न्हाव्याच्या काळजाला भिडली. कित्येक वर्षांनी तो न पिता रडला, आणि रडून झाल्यावर त्याला इतके हलके वाटले की त्याने जेवण दोनदा वाढून घेतले.

घरी येऊन वर्ष झाले. दारूला स्पर्श नाही. रोज दुकान उघडण्यापूर्वी तो ते वचन वाची आणि मोठ्याने “हो!” म्हणे. गिऱ्हाइके परतली, परंतु केसांपुरती. कात्रीपर्यंत विश्वास होता. वस्तरा दिसला की प्रत्येकाला काहीतरी काम आठवे. न्हावी दररोज चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याला धार लावी आणि पुन्हा डबीत ठेवी. ज्यांची मिशी घालवली, त्यांनी या खुर्चीत मान टेकल्याशिवाय आपण पुरते बरे झालो असे त्याला वाटणार नव्हते.

“दादाला बोलावलंत का?” बायकोने विचारले.

“आधी माफी मागायला हवी.”

“मग मागा की!”

तो आरशासमोर सराव करू लागला. “दादा, मी प्यायलो होतो, पण...”

“पण आला!” बायको मागून म्हणाली.

“दादा, चूक माझीच, फक्त त्या दिवशी दिवे...”

“दिवे लख्ख होते! बसा आता तळ्याकाठी आणखी तीस वर्षं!”

त्याने वहाणा पायात सरकवल्या आणि तो तडक शाळेत गेला. कार्यालयात मुख्याध्यापक बसले होते. त्यांच्या डोक्यावर तो रुमालवाला फोटो होता.

“दादा, मी प्यायलो होतो. म्हणून तुमची मिशी गेली. मला क्षमा करा.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“वस्तरा बोथट नव्हता?”

“उत्तम होता.”

“स्क्रू?”

“घट्ट.”

“माझी मिशी वाकडी?”

“राजाला शोभेल अशी होती, दादा.”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. “दाजी, एवढं बोलायला सहा वर्षं लागली?”

“पवित्र शास्त्रातल्या तळ्याकाठच्या माणसाला अडतीस लागली होती.”

मुख्याध्यापकांची मिशी थरथरली. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि हजेरीपट पुढे ओढला. न्हावी मान खाली घालून परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर बूट वाजले. मुख्याध्यापक आत आले, खुर्चीत बसले, मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

“दाढी करा. मिशी कोरा. दोन्ही बाजूंनी. दहा वाजता फोटोवाला येतोय.”

बायको दारातच थबकली. न्हाव्याने फेस लावला, वस्तरा उचलला आणि थांबला.

“काय झालं? हात कापतोय?”

“नाही दादा, हसू येतंय. हसताना वस्तरा चालवायचा नसतो.”

“मग आधी हसून घ्या!” असे म्हणून मुख्याध्यापकच फस्सकन हसले, आणि फेस आरशावर उडाला. मग दोघांचीही मुरकुंडी वळली. बायकोने पदर तोंडात कोंबला. बाहेरून जाणारा शिंपी डोकावला, वस्तरा पाहून पळू लागला, मुख्याध्यापकांना पाहून परत फिरला आणि बाकावर बसून म्हणाला, “माझा नंबर यांच्यानंतर.”

या वर्षीच्या फोटोत मुख्याध्यापक रुमालाशिवाय उभे आहेत. मिशी अखंड आहे, टोके सारखी आहेत. फक्त डाव्या कानाखाली फेसाचा एक पांढरा ठिपका राहिला आहे. तो कसा राहिला, असे बायकोने विचारले, तेव्हा न्हावी म्हणाला, “मी पुसायला विसरलो.”

ती जरा वेळ ‘पण’ची वाट पाहत राहिली. पुढे काहीच आले नाही.